उंचवटा, नारळ आणि हुकलेलं महाबळेश्वर

पोलादपूरहून महाबळेश्वरला कसं जायचं, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. वाट मला तोंडपाठ आहे. फक्त पहिल्यांदा निघाले तेव्हा पोहोचले नाही, एवढंच. साठच्या दशकातली गोष्ट. माझं लग्न नुकतंच झालेलं, आणि आमचे हे रस्त्याच्या खात्यात ज्युनियर इंजिनिअर. रजा जेमतेम चार दिवसांची. मी नवा स्वेटर विणून ट्रंकेत तळाशी ठेवला होता आणि स्वप्नात स्ट्रॉबेरी खात होते.

"वाटेत एक उंचवटा बघू," हे म्हणाले. "दुपारपर्यंत होईल. मग थेट महाबळेश्वर."

नव्या नवरीला उंचवटा म्हणजे काय कळणार? मला वाटलं, वर एखादं देऊळ असेल.

पुण्याहून एसटी भोर करत वरंधा घाटाने महाडला उतरते. जाणार असाल तर एक सांगते, घाटाआधी बटाटेवडे खाऊ नका. मी खाल्ले होते. पुढचा घाट कसा होता ते मला विचारू नका, कारण मी डोळे मिटून होते. महाडला खात्याच्या रेस्ट हाउसमध्ये खोली मिळाली. बाजारातल्या खानावळीत तांदळाची भाकरी आणि कुळथाचं पिठलं जेवलो. रुपयाभरात दोघांचं पोट भरलं आणि माझा जीव ठिकाणावर आला.

खोलीवर येऊन ह्यांनी माझ्या केसांतली पिन काढून घेतली. मी लाजले. ह्यांनी ती उशीच्या एका बाजूला ठेवली, दुसऱ्या बाजूला शर्टाचं बटण ठेवलं आणि विचारलं, "पिनेला बटण दिसतं का?"

"पिनेला डोळे कुठे असतात?"

"समज, ही पिन म्हणजे ड्रायव्हर. त्याचा डोळा रस्त्यापासून चार फुटांवर. बटण म्हणजे पलीकडे रस्त्यात पडलेली चार इंचांची वस्तू. मधे हा उंचवटा. वस्तू दिसल्यावर ब्रेक दाबला, तरी गाडी थांबायला अंतर लागतं. तेवढ्या अंतरावरून वस्तू दिसायलाच हवी. दिसत नसेल तर माथा कापायचा आणि चढउतार लांबवर पसरवायचा." असं म्हणून ह्यांनी उशी दोन्ही हातांनी थापटून चपटी केली. "आता दिसतं!"

मैत्रिणींना सांगायला माझ्याकडे एवढंच होतं.

घोळ असा होता की ह्यांच्या मोठ्या साहेबांना उंचवट्यात काही वावगं वाटत नव्हतं. ड्रायव्हरने हॉर्न वाजवावा, माथा कापायला पैसे कशाला, असं त्यांचं मत. दुसऱ्या दिवशी ते अलिबागहून जीपने पाहायला येणार होते. त्यांनी नाही म्हटलं, की आहे त्याच उंचवट्यावर डांबर पडणार. आणि ते गेले, की दुपारच्या गाडीने आम्ही महाबळेश्वरला.

सकाळी पोलादपूरला चहा घेतला आणि बैलगाडीने डोंगरातल्या गावांकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलो. पावसाळा नुकताच संपला होता, कडेच्या भाताच्या खाचरांत अजून गुडघाभर चिखल होता. उंचवट्याशी पांडू मुकादम टेप आणि स्टूल घेऊन उभा होता. ह्यांनी मला रस्त्याच्या कडेला स्टुलावर बसवलं, जमिनीपासून टेप धरला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, बसल्यावर तुझे डोळे बरोब्बर चार फुटांवर येतात!"

लग्नानंतर त्यांनी माझी केलेली ही पहिली तारीफ. "आता मी सांगेपर्यंत हलू नकोस," असंही वर बजावलं.

मग कळलं की मापाचा लाकडी ठोकळा पुण्यालाच राहिलाय. पांडूने शिदोरीतला नारळ काढला. आडवा ठेवला की साधारण चार इंच. पण तपकिरी नारळ मातीच्या रस्त्यावर नीट दिसेना, म्हणून ह्यांनी माझ्या करंड्यातलं कुंकू घेऊन त्याला सगळीकडून फासलं. शिकलेला माणूस, विचार करूनच करत असेल.

पांडू नारळ जमिनीलगत धरत माथ्याकडे गेला, टेप घेऊन हे त्याच्या बाजूने. दिसतो, दिसतो, दिसतो... माथ्यापलीकडे चार पावलं गेला नाही तोच दिसेनासा झाला. तिथेच तो ठेवून हे दोघं अंतर मोजत माझ्याकडे यायला लागले. तेवढ्यात पलीकडून गावाकडची एसटी आली आणि नारळापासून लांबच थांबली. तिच्या बाजूने नारळ स्वच्छ दिसत होता. पलीकडचं बरंचसं मला नंतर पांडूने सांगितलं. ड्रायव्हर, महाडचे इब्राहिमभाई, खाली उतरले. मागोमाग सगळे प्रवासी उतरले. रस्त्याच्या मधोमध कुंकू लावलेला नारळ! कुणीतरी उतारा टाकलाय, यात कुणालाच शंका नव्हती.

"मी नाय बाबा गाडी घालणार," इब्राहिमभाई म्हणाले. "गाडीत बाळंतीण हाय."

हे धावत गेले. "अहो, उतारा नाही. ही चार इंचांची वस्तू आहे."

"बघा, सायबच म्हणतोय वस्तू हाय!" एक म्हातारी ओरडली. "ज्यानं ठेवला त्यानं उचलावा आणि नदीत सोडावा. तवर आम्ही नाय हलत."

"माप पूर्ण झाल्याशिवाय उचलता येणार नाही," हे म्हणाले. शपथेवर सांगते, असंच म्हणाले. मग म्हातारीनेही रस्त्याच्या कडेला फतकल मारली.

नेमकी त्याच वेळी साहेबांची जीप माझ्या शेजारून भुर्रकन गेली. ड्रायव्हरने हॉर्नही वाजवला. माथ्यावर जीप चढली आणि ब्रेक किंचाळले. ड्रायव्हरने नारळ पाहिला तेव्हा तो जवळजवळ चाकाखाली होता. उतारा ओलांडण्यापेक्षा त्याने खाचर पत्करलं. धप्प असा आवाज झाला. थोड्या वेळाने साहेब माथ्यावर प्रकट झाले. गुडघ्यापर्यंत चिखल, टोपी नाही. जीपमधल्या कुणाला साधं खरचटलंही नव्हतं, म्हणून हसायला हरकत नव्हती. पण हसणार कोण?

"ड्रायव्हर झोपला होता!" साहेब गरजले. "नारळ लांबून दिसतो. वहिनी, तुम्ही स्टुलावर बसलाय ना? खरं सांगा, दिसतो की नाही?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हे तर चेहरा इतका पाडून बघत होते की मलाच कसंतरी झालं. "दिसतो" म्हटलं, तर साहेब खूश होऊन परत, आणि आम्ही दुपारच्या गाडीत. "नाही" म्हटलं, तर माथा कापायचा, आणि त्याच्या खुणा करायला ह्यांच्याशिवाय दुसरं कुणी नाही. स्वेटर, स्ट्रॉबेरी, सगळं माझ्या जिभेवर टांगलेलं. आणि खरं सांगते, "दिसतो" अगदी ओठांवर आलं होतं.

तेवढ्यात माथ्यापलीकडून आवाज आला, "गो बाय, सांग काय ते लवकर! उन्हात माझं डोकं फुटतंय."

ती म्हातारी. आवाज इतका जवळून आला की मी मान वळवून बघितलं. समोर नुसता रस्ता आणि आभाळ. नारळ सोडाच, रस्त्याच्या कडेला बसलेली अख्खी आजी मला दिसत नव्हती.

"नाही दिसत," मी म्हणाले. "नारळ नाही आणि आजीही नाही. या, बसा इथे आणि तुम्हीच बघा."

साहेब चिखलासकट स्टुलावर बसले. बराच वेळ बसले. मग उठले आणि ह्यांना म्हणाले, "माथा कापा. आजच खुणा करायला घ्या. रजा नंतर बघू."

नारळ शेवटी ह्यांनीच उचलला आणि आजीच्या देखरेखीखाली सावित्री नदीत सोडला.

उरलेली रजा पोलादपूरला खुंट्या मारण्यात गेली. म्हणजे हे मारत होते आणि मी टेपचं दुसरं टोक धरत होते. जेवायला रोज घावने आणि नारळाची चटणी. घावने उत्तम, पण चटणी माझ्या घशाखाली उतरत नव्हती.

पुण्याला परतल्यावर शेजारणींनी महाबळेश्वरचं विचारलं, आणि मला चक्क रडू आलं. वाईट वाटलं होतंच, ते लपवून काय करू? त्या गेल्यावर हे अपराध्यासारखे माझ्यासमोर येऊन बसले. पुढच्या उन्हाळ्यात नक्की जाऊ, माथेरानलाही जाऊ, असं काय काय सांगायला लागले.

"ते राहू द्या," मी म्हणाले. "काम झाल्यावर आजी दिसेल ना?"

"दिसेल. रस्त्यावर झोपली तरी दिसेल."

मग मी डोळे पुसले आणि चहा टाकला.