खांदा साफ, पाठ साफ

पाणी तापवायच्या बंबाचा धूर नाकात गेला की मला अजूनही दौंड तालुक्यातलं ते प्रकरण आठवतं. गुन्हा म्हणून ते मोठं नव्हतं. वर्तमानपत्रात त्याची दोन ओळींचीसुद्धा बातमी आली नाही. पण एका माणसाचं पुढचं सगळं आयुष्य त्या दोन दिवसांवर अवलंबून होतं, आणि ते दोन दिवस माझ्या हातात होते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तेव्हा तिथं सहायक निरीक्षक होतो. आमच्या हद्दीत, शिरूरकडे जाणाऱ्या रस्त्याला, एक लहानसा वृद्धाश्रम होता. सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एक सिस्टर तो चालवत. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची सेवा करायला माणसं मिळत नव्हती. कारेगावच्या बाजूला कारखाने आल्यापासून तरुण पोरं तिकडे पळत होती. मलमूत्र काढायचं काम कोण करणार? मग या बाईंनी एक वेगळी वाट धरली. तुरुंगातून सुटून आलेला माणूस काम मागायला आला, तर त्या त्याला दारातून हाकलत नसत. त्याच्याशी बोलत, आणि मग ठाण्यात येत.

पहिल्यांदा त्या अशाच एका माणसाची चौकशी करायला आल्या, तेव्हा मी म्हणालो, "सिस्टर, याला शिक्षा झालेली आहे."

"ते त्यानंच मला सांगितलंय, साहेब. तो खरं बोलला का, एवढंच मला तुमच्याकडून हवंय."

मी शिरूरच्या ठाण्यातून माहिती मागवली. कारेगावात मजुरांच्या ठेक्यावरून झालेली मारामारी. याने एकाच्या डोक्यात लोखंडी पाईप घातला होता. तो माणूस वाचला, पण बरेच दिवस दवाखान्यात होता. याने येरवड्यात पूर्ण शिक्षा भोगली, आणि तिथं आजारी म्हाताऱ्या कैद्यांची सेवा करायचं काम केलं. आधी काही नाही, नंतर काही नाही. त्याने सिस्टरना जे सांगितलं होतं त्यात काना-मात्रेचाही फरक नव्हता. सिस्टरनी त्याला ठेवून घेतलं.

त्याच सुमाराला दुसऱ्या एकालाही त्यांनी तपासलं. त्याने एका म्हातारीच्या गळ्यातली माळ ओढली होती, आणि ते लपवलं होतं. त्याला त्यांनी सरळ सांगितलं, "तुला शेतात काम देईन. खाटेजवळ नाही." तो गेला निघून. मला बाईंचं हे वागणं पटलं. सरसकट दया नाही, सरसकट नकारही नाही.

त्यांचा अजून एक नियम होता. म्हाताऱ्याला अंघोळ घालताना दोन सेवक लागायचे, आणि अंग पुसताना त्यातल्या एकाने मोठ्याने सांगायचं, "खांदा साफ, पाठ साफ, टाचा साफ." कुठं व्रण, सूज, लाली दिसली तर तेही तसंच ओरडून सांगायचं. सगळ्या खोलीला ऐकू गेलं पाहिजे. जुना सेवक असो, नवा असो, तुरुंगातून आलेला असो, नियम एकच. याला ते 'अंग सांगणं' म्हणत.

वर्षभर सुरळीत चाललं. मग एका उन्हाळ्यात सकाळी ठाण्यात फोन आला. नाव न सांगता एक माणूस म्हणाला, "तुमच्या हद्दीतल्या वृद्धाश्रमात एक गुंड कामाला ठेवलाय. त्यो लकवा झालेल्या म्हाताऱ्याला चटके देतोय. येऊन बघा, न्हाईतर आमी बघतो."

ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीला नोंद केली आणि मी हवालदाराला घेऊन निघालो. तिथं पोचलो तर फोन करणारा दारातच उभा होता. तो त्या म्हाताऱ्याचा थोरला मुलगा, कारेगावच्या एका कारखान्यात कामाला. आदल्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याला कुणीतरी सांगितलं होतं की, तुझ्या बापाला जो अंघोळ घालतो त्याने इथं एकाचं डोकं फोडलं होतं. तो रात्रभर झोपला नाही. उजाडताच वृद्धाश्रमात आला, वडिलांची बंडी वर केली, आणि खांद्यावर भाजल्याच्या खुणा दिसल्या.

त्याच्या जागी मी असतो तर मलाही तेच वाटलं असतं.

म्हातारा इनामगावचा. पूर्वी मेंढरं घेऊन फिरणारं कुटुंब, आता घोडनदीच्या काठी शेती करणारं. त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं, वाचाही गेली होती. सेवकाला आत बोलावलं तसे म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"बघा! त्याला बघून रडाय लागले," मुलगा ओरडला.

"ते मला बघूनही रडतात," सिस्टर शांतपणे म्हणाल्या. "चहा आला तरी रडतात. या आजारात होतं तसं."

मी खुणा नीट पाहिल्या. खांद्यावर आणि पोटरीवर, लकवा झालेल्या बाजूलाच. एका ओळीत, सारख्या अंतरावर. बंडीला आतून पिवळे डाग होते. मी बोट लावून वास घेतला. हळद आणि तेल. रागाच्या भरात चटके देणारा माणूस ओळ सांभाळत नाही, आणि नंतर हळदही लावत नाही. पण हे मी मनातच ठेवलं. वैद्यकीय तपासणीला पत्र दिलं, पंचनामा केला आणि सेवकाला ठाण्यात आणलं.

तो तिशी ओलांडलेला, अंगाने मजबूत, मान खाली घालून बसणारा गडी होता. मी काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "लिहून घ्या, साहेब. म्या केलं."

हवालदाराने टेबलावर थाप मारली. "संपलं की, साहेब! गडी कबूल झालाय. रेकॉर्डचाच माणूस हाय. जबाब घेऊ आन् उद्या कोर्टात उभा करू."

तीस वर्षं नोकरी केलेला प्रत्येक पोलीस जाणतो की इतक्या लवकर आलेली कबुली नीट उलटसुलट करून बघावी लागते. मी विचारलं, "कशानं दिलेस चटके?"

"सळईनं."

"कुठं तापवलीस?"

"गॅसवर."

"आणि कुठं दिलेस?"

त्याने माझ्याकडे चोरून पाहिलं. मग म्हणाला, "हातावर."

"कुठल्या हातावर?"

त्याने स्वतःचा डावा हात पुढे केला. म्हाताऱ्याच्या दोन्ही हातांवर एकही खूण नव्हती. या माणसाने ते चटके पाहिलेसुद्धा नव्हते. सकाळची अंघोळ व्हायच्या आतच मुलगा येऊन पोचला होता.

मी हवालदाराला चहा आणायला बाहेर पाठवलं. हवालदाराला स्वतः चहा आणायला पाठवणं म्हणजे काय, ते तो समजून गेला. दार लागल्यावर मी म्हणालो, "आता खरं सांग. दुसऱ्याचं पाप कशाला घेतोयस अंगावर?"

दाराकडे बघून त्याने आवाज खाली आणला. "साहेब, म्या न्हाई म्हणलं तर तुमी समद्यांला बोलावणार. तिथं सैपाकघरात एक तात्या हाईत. त्यांचं बी जुनं हाय कायतरी. पोरगी लग्नाची हाय त्यांची. ते समदं उघडं पडणार. सिस्टरांनी असली माणसं ठिवली म्हणून गाव आश्रम बंद पाडणार. मंग ती म्हातारी माणसं कुठं जायाची? मला आतली सवय हाय. माझ्यापाशीच मिटू द्या."

"आणि ज्याने खरोखर चटके दिले, तो उद्या परत आला तर?"

याचा त्याने विचारच केला नव्हता. त्याचा चेहरा एकदम उतरला.

"काल अंघोळ कुणी घातली?"

"म्या आन् दुसऱ्या गड्यानं. अंग म्याच सांगितलं. समदं साफ हुतं, साहेब, आईशप्पत. मंग जेवणं झाल्यावर सिस्टरांनी मला औषधं आणाय दौंडला धाडलं. दिवेलागणीला आलो तवा दादा झोपले हुते."

मी त्याला ठाण्यात बसवून पुन्हा आश्रमात गेलो. म्हाताऱ्याच्या शेजारच्या खाटेवर रेल्वेतले एक निवृत्त गार्ड होते. दोन्ही डोळ्यांनी अधू. त्यांना विचारलं, "आबा, काल सकाळी यांचं अंग सांगितलेलं ऐकलंत का?"

"ऐकलं की. खांदा साफ, पाठ साफ, टाचा साफ. रोज ऐकतो. इंजिनाच्या शिट्टीसारखं पाठ झालंय."

"आणि दुपारी?"

"दुपारी यांची बहीण आली होती. खिडकीबाहेर बंब आहे ना, त्याच्यापाशी बसली होती बराच वेळ. निखारे खालीवर केल्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, एवढ्या उन्हाळ्यात ही बाई शेकत बसलीय की काय! मग आत आली. 'दम धर, दादा, आता हुतंय,' म्हणाली. आणि कातडं जळल्याचा वास आला."

"आबा, हे सकाळी का नाही सांगितलंत?"

गार्डआबा हसले. "साहेब, मला विचारलं कुणी? सगळे त्या पोराकडेच बघत होते. मला दिसत नाही, म्हणून मी तेवढा सुटलो."

हे वाक्य मला नंतर कितीतरी तपासांत उपयोगी पडलं.

शिरूरच्या ठाण्याला कळवून दुसऱ्या दिवशी सकाळी मी इनामगावला गेलो. म्हाताऱ्याची बहीण ओट्यावर कांद्याची पात कापत बसली होती. पोलिसांची गाडी बघून ती जरासुद्धा दचकली नाही.

"आलात व्हय? बसा. च्या ठिवू का?"

"आजी, परवा भावाला भेटायला गेला होतात?"

"गेले हुते की. डाग दिऊन आले." विळी बाजूला सारून तिने उलट मलाच विचारलं, "हात हलाय लागला का त्याचा?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"तुमच्या दवाखान्यानं काय केलं? सुया टोचल्या आन् घरी धाडला. आमी मेंढरांच्या मागं हिंडत हुतो, तवा कुणाच्या अंगावरनं वारं गेलं की डागच द्यायचो. माणसाला बी आन् मेंढराला बी."

"आणि उठायचं मेंढरू?"

"कवा उठायचं, कवा न्हाई," ती प्रामाणिकपणे म्हणाली. आत जाऊन वळचणीची सळई तिने स्वतःच काढून आणली. "माझ्या बाच्या हातची हाय. न्या, पर परत द्या."

या डागामुळे एका सेवकाला ठाण्यात बसवलंय, असं मी सांगितलं मात्र, ती ताडकन उठली. "त्या पोराला? कशापायी? त्योच तर दादाचं समदं करतो! त्याचं तोंड धुतो, केस इंचरतो! चला, मला गाडीत घ्या."

ठाण्यात तिचा थोरला भाचा बसलेला होता. तिने पदर खोचला. "मुडद्या, कुणाला धरून दिलंस? डाग म्या दिलाय."

"आत्या, तू?"

"मंग कोण? तू येतोस का बापाला बघाय? दिवाळीला आलास, आन् आता आलास."

मुलाचं तोंड पडलं. तो माझ्याकडे वळला. "साहेब, आत्यावर केस कशी करायची? तिनं मायेनं केलंय."

"बरोबर आहे. पण काल सकाळी या माणसाची माया तुम्ही विचारली होती का?"

मुलगा उठला. सेवकासमोर जाऊन त्याने हात जोडले. सेवक इतका ओशाळला की कुठं बघावं ते त्याला कळेना.

आत्यांना मी समज दिली. डाग देणं म्हणजे इजा करणं, पुन्हा केलंत तर मला गुन्हा नोंदवावा लागेल, असं स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग त्याचा हात कसा हलायचा?" ते उत्तर सिस्टरनी दिलं. लकव्याच्या हाताची बोटं एकेक करून कशी उघडायची, तेल कसं चोळायचं, हे त्यांनी आत्यांना शिकवलं. आत्या पुढे दर आठवड्याला येत राहिल्या. हात काही हलला नाही. पण म्हातारा त्यांना बघून रडायचा, आणि त्या म्हणायच्या, "वळखतो मला."

माझ्या दृष्टीने खरा पेच त्यानंतर आला. वृद्धाश्रमाच्या विश्वस्तांनी मला बैठकीला बोलावलं. एक जण म्हणाले, "त्यानं काही केलं नाही हे मान्य. पण उगाच कटकट कशाला? त्याला मोकळा करू. रेकॉर्ड आहेच ना."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं.

मी हिशेबी माणूस आहे, भावनेवर फारसा बोलत नाही. मी म्हणालो, "माझ्या नोकरीत म्हाताऱ्यांच्या छळाच्या जेवढ्या तक्रारी माझ्यापुढे आल्या, त्या मी काल आठवून पाहिल्या. सगळ्यांत हात घरच्या माणसाचा होता. म्हणून तुम्ही नातेवाइकांना भेटायला बंदी करणार का? नाही ना? मग त्यांना एकटं सोडू नका, एवढंच करा. या माणसाला तुमच्याच नियमाने वाचवलंय. सकाळी अंग साफ होतं हे खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं होतं. हा नियम त्याने पाळला नसता, तर आज तो कोठडीत असता आणि खरं कधीच कळलं नसतं. नियम पाळणाऱ्याला काढायचं असेल तर काढा. पण मग त्याच्या जागी कुणाला आणणार, तेही आजच सांगा."

शेवटी ठरलं की तो राहणार, आणि भेटीच्या वेळी खोलीत एक सेवक थांबणार. नियमातली फट नातेवाइकांच्या बाजूने होती, तीही बुजली.

शिक्षा भोगून आलेल्या प्रत्येकाला म्हाताऱ्या माणसांजवळ ठेवा, असं मी कधीच म्हणणार नाही. सिस्टरही म्हणत नव्हत्या. गुन्हा कसला होता, त्यानंतर माणूस कसा वागला, आणि विचारायच्या आधी त्याने स्वतःहून सांगितलं का, हे बघावं लागतं. आणि एकदा बघून घेतलं की मग त्याला इतरांसारखंच वागवावं लागतं. नाहीतर खोलीत काहीही घडलं तरी सगळ्यांचे डोळे त्याच्याकडेच वळतात, आणि शेजारच्या खाटेवरच्या माणसाला कुणी काही विचारत नाही.

मी निवृत्त झालो त्यानंतर काही काळाने माझ्या वडिलांच्या अंगावरून वारं गेलं. मी सिस्टरना फोन केला आणि त्याच सेवकाला मागून घेतलं. तो पिशवी घेऊन आला, पण उंबऱ्याबाहेरच थांबला.

"साहेब, घरातल्यांना माझं सांगितलंय का? आधी सांगा. मंग आत येतो."

मी बायकोला आणि सुनेला बाहेर बोलावलं आणि त्याच्यादेखत सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "अहो, उन्हात काय उभं केलंय त्यांना? आत घ्या आधी."

दुसऱ्या दिवशी अंघोळीला तो वडिलांना धरून बसला, आणि मला म्हणाला, "साहेब, तुमी बी या. दोघं लागत्यात." मी बाह्या वर केल्या. तो अंग पुसत गेला आणि गल्लीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने सांगत गेला. मी पाणी ओतत होतो.