तिसऱ्या मजल्यावरचा पाना

इमारतीतली लिफ्ट बंद पडली, की सगळे आमच्या दारात येतात. माझा मुलगा लिफ्ट दुरुस्त करतो. या धंद्यातली गंमत अशी, की लिफ्टवाल्याला नेहमी जिनाच चढावा लागतो. यंत्र गच्चीवर, आणि लिफ्ट बंद म्हणून तर त्याला बोलावलेलं.

घरात त्याला अजून टकल्या म्हणतात. आता डोक्यावर रान माजलंय, पण नाव आठव्या वर्षी पडलं. तेव्हा त्याच्या छातीत कॅन्सरची गाठ होती. औषधांनी केस गेले, मग छातीला किरण दिले, आणि पोरगं बरं झालं. किरणांच्या खुणेसाठी गोंदलेले निळे ठिपके अजून छातीवर आहेत. कुणी विचारलं, तर "डासानं सही केलीय" म्हणतो.

गेल्या महिन्यात खालची तपासणी करून तो गच्चीकडे निघाला. मी बॅटरी धरून मागे. तिसऱ्या मजल्यावर तो पायरीवर बसला आणि हत्यारांची पिशवी उपसू लागला.

"काय शोधतोयस?"

"पाना."

पाना त्याच्या हातातच होता. ओठ पांढरे पडले होते, छाती भात्यासारखी हलत होती.

"डॉक्टरांना दाखव रे."

"दाखवलं. पित्त म्हणाले."

"लहानपणचं सांगितलंस त्यांना?"

"आई, वीस वर्षं झाली. गाडलेलं मढं किती उकरशील?"

त्याला शिंक आली तरी मी डॉक्टरचं नाव काढते, त्यामुळे माझ्या काळजीला घरात भाव नाही.

तेवढ्यात पाचव्या मजल्यावरचे काका खाली उतरले. "लिफ्ट सुरू कर अन् मोकळा हो. वर दोरही तपासणार म्हणे! चालतोय ना? काय धाड भरलीय त्याला?"

"काका, चालतोय तोवरच तपासायचा असतो. बाहेरून ठणठणीत दिसतो, आत तारा तुटलेल्या असतात. पडल्यावर काय, फुलं घेऊन येऊ?"

काका पुटपुटत गेले. मी फक्त त्याच्याकडे पाहिलं.

"आई, असं बघू नकोस."

"मी कुठं बघतेय?"

"जातो, बाई. उद्याच जातो हृदयाच्या डॉक्टरकडे."

त्या डॉक्टरीणबाईंनी ठिपके पाहताच विचारलं, "किरण कधी दिले होते?" डासाचं सांगायला त्यानं तोंड उघडलं, मिटलं, आणि मग सगळं सांगितलं.

"कॅन्सर परतलेला नाही," तपासणी करून, पडद्यावर हृदय दाखवत त्या म्हणाल्या. "पण त्या किरणांची झळ हृदयालाही लागते. कधीकधी ती इतक्या वर्षांनी दिसते. ही झडप कडक झालीय. रक्तवाहिन्याही बघायला हव्यात. पुढे झडप बदलावी लागेल कदाचित."

तो पडद्याकडे बघत राहिला. "म्हणजे दार नीट उघडत नाहीये."

"अगदी तसंच."

"मग देखभाल ठेवावी लागणार."

बाई हसल्या. मला हसू येईना. ज्या किरणांनी पोर माझ्या हाती परत दिलं, त्यांना शिव्या तरी कोणत्या तोंडानं घालू?

घरी आलो, तर लिफ्ट बंदच. सुटा भाग यायचा होता. तिसऱ्या मजल्यावर तो थांबला. हत्यारांची पिशवी त्यानं खांद्यालाच राहू दिली.

"दम लागलाय," म्हणाला.

मी त्याच्याशेजारी पायरीवर बसले.