लांब मॅगझिन

निपाणी स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर तो पोलीस रोज दिसायचा. नाव मी कधी विचारलं नाही. बाकडं रिकामं असलं तरी चहा उभ्यानंच प्यायचा. मला उगाच अवघडल्यासारखं व्हायचं. "बसा की!" म्हटलं, तर कमरेच्या पिस्तुलावर हात ठेवून हसला, "आता पिस्तुलाला गोळ्यांच्या लांब मॅगझिन दिल्यात, अण्णा. बसलं की बरगडीला टोचतंय."

परवा त्यानंच सांगितलं, खात्याचा हुकूम आला, लांब मॅगझिन परत घेतल्या. मी सरकून जागा केली. तरी तो उभाच.

"आता काय टोचतंय?"

बशी त्याच्या ओठापाशीच थांबली. "इथं उभारलं की बेळगावची गाडी सुटताना दिसती. लेक तिकडंच, बेळगावच्या पुढं नंदगडला हाय."

गाडी वळणाआड गेली, तेव्हा कुठं तो बसला.