छडी न उचललेला जॉकी

ते प्रकरण आठवलं की आजही डोकं सुन्न होतं. नव्वदच्या दशकात मी नवी मुंबईतल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. एका रविवारी संध्याकाळी वर्दी आली. वाशीतल्या एका सोसायटीत राहणारा जॉकी मुंबईच्या रेसकोर्सवरून घरी परतत होता. जिन्यात कुणीतरी मागून त्याच्या डोक्यावर चादर टाकली आणि स्टम्पने झोडपलं. उजव्या मनगटाचा पार चुरा झाला होता.

त्या दुपारी आघाडीवर असलेला त्याचा घोडा हरला होता. माझा हवालदार लगेच म्हणाला, "साहेब, यानेच घोडा मुद्दाम मागे ओढला असणार." जॉकी म्हटला की एकतर छडीने घोडा सोलणारा, नाहीतर पैसे खाऊन हरणारा, अशीच लोकांची पक्की समजूत.

रुग्णालयात जॉकीचा जबाब घेतला. "साहेब, वळणावर घोड्याचा पुढचा पाय लचकला. म्हणून आवरला त्याला. आता रेसवाल्यांनी चौकशी लावलीय. चोर ठरलो तर लायसन गेलं."

आधी बुकींची माणसं उचलली. काही हाती लागेना. मग सोसायटीच्या इस्त्रीवाल्याने कानावर घातलं, "साहेब, माझं टेबल गेटातच हाय. बाहेरचं कोण आलंच नाय. मारणारा आतलाच."

रहिवाशांना एकेक करून बोलावलं. तिसऱ्या मजल्यावरचे एक नोकरदार गृहस्थ माझ्या ओळखीचे निघाले. वरातीतल्या घोडीला चाबूक मारला म्हणून ते मागे तक्रार घेऊन आले होते. भला माणूस म्हणून मी चहा मागवला.

"मी रेसच्या वाटेलाही जात नाही साहेब," ते म्हणाले. "मुक्या जनावराला मारतात हो ही माणसं! बघवत नाही."

मी सहज म्हटलं, "हा तर म्हणतो, पाय दुखावला म्हणून घोड्याला पळवलं नाही."

"साफ खोटं!" ते उसळले. "शेवटच्या वळणापर्यंत पुढे होता. हातात छडी असून एकदाही उचलली नाही त्याने! दोन फटके दिले असते तर..."

आणि त्यांची जीभ थबकली. हवालदार लिहायचा थांबला. माझा माझ्या कानांवर विश्वास बसेना. पुढे कबुली यायला वेळ लागला नाही. पैसे लावले होते, ते बुडाले होते. स्टम्प गच्चीवरच्या टाकीमागे मिळाला.

घोड्याच्या डॉक्टरांचा अहवाल नंतर आला. पायाच्या हाडाला तडा गेला होता. तसाच दामटला असता तर हाड तुटून घोडा कोसळला असता, आणि असा घोडा मारूनच टाकावा लागतो. जॉकीवरचा ठपका पुसला गेला, पण ते मनगट पुन्हा लगाम धरण्याजोगं झालं नाही.

आरोपीला मी तो अहवाल मुद्दाम वाचून दाखवला. वाटलं, निदान घोड्यासाठी तरी डोळ्यांत पाणी येईल. त्याने खालमानेने विचारलं, "साहेब, कोसळला असता तो शर्यतीच्या अंतिम रेषेच्या अलीकडे की पलीकडे?"

खून, दरोडे बघून मी निबर झालो होतो, पण त्या प्रश्नाने मी हादरलो. त्यानंतर कुणी जनावरांचा कळवळा सांगत ठाण्यात आला, की तक्रार मी नोंदवून घ्यायचो. चहा मात्र मागवत नसे.