काळा बॉल जागेवर

टेबलाची इस्त्री निम्म्यावर आली होती तेव्हा नरसय्या आत आला.

"मावशी, म्या नोकरी सोडली," तो म्हणाला.

मी हात थांबवला नाही. स्नूकरच्या टेबलावर इस्त्री थांबवली की डाग पडतो. त्याला म्हटलं, "बाजूला हो, मग बोल."

आमचं इस्त्रीचं दुकान होतं. सोलापुरातल्या एका क्लबचं टेबलही आठवड्यातून एकदा तिथे जाऊन मी इस्त्री करायची. हिरव्या कापडाला बारीक लव असते. ती एकाच दिशेला बसवायची. डाव जिथून सुरू होतो त्या टोकाकडून काळ्या बॉलच्या टोकाकडे इस्त्री ढकलत न्यायची, मागे ओढायची नाही. निखाऱ्याची इस्त्री चालत नाही, ठिणगी पडली तर कापड गेलं. लोखंडी ठोकळा स्टोव्हवर तापवायचा, आधी कागदावर फिरवून बघायचा.

नरसय्या क्लबचा मार्कर. मार्कर म्हणजे गुण मांडणारा, खेळायच्या काठ्या पुसून ठेवणारा, टेबलाच्या खिशात पडलेला रंगीत बॉल काढून परत जागेवर ठेवणारा. एखाद्या मेंबरला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळणारा. तिथे खेळायला शिकलेले निम्मे मेंबर त्याच्याच हाताखाली शिकले होते. हरवायचा सगळ्यांना, पण थोडक्यात. मेंबर रुसू नये म्हणून.

दोशी डॉक्टर मेंबर होते. त्यांनी त्याच्या डोक्यात भरवलं होतं. इंग्लंडात हा खेळ खेळून पोट भरणारे लोक आहेत. पण त्यांच्यात सरळ जाता येत नाही. आधी राज्याच्या संघात निवड, मग देशाची स्पर्धा, मग परदेशातली हौशी लोकांची मोठी स्पर्धा. तिथे नाव झालं की अर्ज करायचा. मग ते धंदेवाले खेळाडू घेतील तर घेतील. आणि या सगळ्या पायऱ्या फक्त हौशी माणसासाठी. खेळावर पगार घेणाऱ्याला पहिल्याच पायरीवर मज्जाव.

मी डॉक्टरांना विचारलं, "म्हणजे पगारी व्हायला आधी बिनपगारी पाहिजे?"

"तसंच आहे, बाई."

"मग खातो काय तोवर?"

डॉक्टर हसले. त्यांना ती अडचण कधी आली नव्हती.

म्हणून नरसय्यानं राजीनामा दिला. बहात्तरचा दुष्काळ नुकताच सरला होता, निम्मे माग बंद होते. अशा वेळी त्यानं पगार सोडला आणि क्लबमागची खोलीही सोडली. बायकोला घेऊन भावाकडे साखरपेठेत गेला.

दुसऱ्याच दिवशी सरावाला आला तर सेक्रेटरी साहेबांनी दारात अडवलं.

"नरसू, तू आता नोकर नाहीस. मेंबरही नाहीस. आत कसा येणार?"

"सायेब, टेबल हितंच हाय की. सराव कुटं करू?"

"ते तू आणि डॉक्टर बघा. नियम मी केलेला नाही."

हा विचार कुणीच केला नव्हता. हौशी होण्यासाठी नोकरी सोडली आणि नोकरीबरोबर टेबलही गेलं. सबंध सोलापुरात त्याला खेळू देईल असं दुसरं टेबल नव्हतं.

शेवटी डॉक्टरांनी त्याला पाहुणा म्हणून आणायला सुरुवात केली. पाहुण्याला फक्त रविवार. माझी इस्त्रीही रविवारी सकाळीच, त्यामुळे मला दिसायचं. पाहुणा म्हणून खेळत असताना एक मेंबर खुर्चीतून म्हणाले, "नरसू, चहा सांग रे दोन."

काठी भिंतीला टेकवून तो चहा सांगायला गेला. डॉक्टर ओरडले, "अरे, तू पाहुणा आहेस!"

"व्हय की," म्हणाला आणि लाजला. चहा मात्र सांगून आला होता.

निवड स्पर्धा पुण्याला होती. मी गेले नाही, डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पहिला सामना नरसय्यानं जिंकला. दुसऱ्यातही पुढे होता. समोरच्यानं काळा बॉल खिशात घातला. पंच पाणी प्यायला वळला होता. नरसय्या खुर्चीतून उठला, खिशातून काळा बॉल काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि जागेवर ठेवला. मग मागे सरून हात बांधून उभा राहिला.

समोरचा खेळाडू पुढच्या बॉलवर नेम धरत होता. मान वर न करता म्हणाला, "थँक यू, मार्कर."

मग त्यानं मान वर केली आणि बॉल कुणी ठेवला ते पाहिलं.

डॉक्टरांनी मला समजावलं. खेळाडू बॉलला हात लावत नाही, तो पंचानं ठेवायचा. ती चूक गुणांवर भागली असती. पण स्पर्धेचा मॅनेजर उठून आला.

"कुठल्या क्लबात काम करता?"

"सोलापूरच्या. सोडलं आता."

"पगार घेत होता?"

"घेत हुतो."

एकदा घेतला म्हणजे घेतला, असा नियम निघाला. राजीनाम्यानं घेतलेला पगार पुसला जात नव्हता. डॉक्टर भांडले. नरसय्या काठी पिशवीत घालून बाहेर बाकावर बसला होता.

मी डॉक्टरांना म्हटलं, "नोकरी सोडायला लावली, त्याआधी हे विचारायचं होतं की कुणाला."

"मला वाटलं, राजीनामा दिला की यातून सुटेल," डॉक्टर म्हणाले.

नरसय्या माझ्या दुकानावर आला तोवर क्लबानं दुसरा मार्कर नेमला होता. खोलीही त्यालाच गेली होती.

"पगार घेत नव्हतो म्हणायचं. पुण्यात कोण बघायला येणार होतं?" मी म्हटलं.

"मावशी, बॉल ठिवला तवाच समदं बोलून झालं की."

नंतर तो भावाच्या मागावर लागला. शेवटपर्यंत चादरीच विणल्या. क्लबकडे परत फिरकला नाही. डॉक्टर पुष्कळ वर्षं खेळत होते, त्यांना कुणी अडवलं नाही.

मी ते टेबल पुढेही इस्त्री करत राहिले. नवा मार्कर काळा बॉल ठेवताना दोनदा वाकून बघायचा.

पोरांना मी एवढंच सांगते. ज्या धंद्यात नाव काढायचं असेल, त्या धंद्यात नोकरी धरण्याआधी नियम विचारून घ्या. आणि नियम सांगणाऱ्याला विचारा, की तुझं यात काय जाणार आहे.