दादाची उडी

माझा दादा पडला की उठताना उडी मारायचा. खऱ्या आयुष्यात नव्हे, गेममध्ये. टीव्हीवर त्याचा पैलवान माझी लाथ खाऊन आडवा झाला, की उठल्या उठल्या तो हवेतून माझ्या अंगावर यायचा. दरवेळी, न चुकता. ही त्याची खोड आहे हे माझ्या लक्षात यायलाच कितीतरी महिने गेले. तोवर मी नुसता मार खात होते आणि कोळंबी सोलत होते.

कोळंबीचं असं, की रविवारी सकाळी दादा मासळी बाजारातून पिशवी भरून आणायचा आणि हरेल त्याने ती साफ करायची, असा आमच्या घरचा नियम होता. दादा जासईला कंटेनरच्या यार्डात कामाला आणि मी पनवेलमध्येच एका दवाखान्यात रिसेप्शनला. दोघांचीही लग्नं रखडलेली, त्यामुळे नातेवाइकांना चघळायला आम्ही होतोच. तिशी ओलांडलेल्या भावंडांनी सोफ्यावर बसून एकमेकांना बुकलून काढायचं, याची आईला लाज वाटायची. पण कोळंबी आयती सोलून मिळायची, म्हणून ती गप्प बसायची.

मला हरणं सोसत नाही. लहानपणी सापशिडीचा पट उधळून द्यायचे, अजूनही फारशी सुधारलेले नाही. सुरुवातीला मी दिसतील ती बटणं एकदम दाबायचे. दादा विचारायचा, भांडी घासतेस का. मग मी चिडून मुळापासून शिकायला बसले. आधी नुसतं अडवायला शिकले, म्हणजे समोरचा मारत असताना घाबरून उलट हात न उगारता गप्प राहायला, आणि माझ्यासारखीला तेच सगळ्यात जड गेलं. मग एकच ठोसा घेतला: खाली बसून वर मारायचा, हवेतून येणाऱ्याला पाडणारा. दवाखान्यातून आले की चहाच्या आधी मी त्याचा सराव करायचे. आणि एका रविवारी दादा पडला, उठला, उडाला, आणि मी त्याला हवेतच झोपवलं. तो कंट्रोलर मांडीवर ठेवून माझ्याकडे बघतच राहिला. मग कोळंबीचं पातेलं पुढ्यात ओढून बसला.

त्यानंतरही त्याने उडी मारायचं सोडलं नाही. अरे, मला कळतं आता, नको उडूस, असं मी त्याला स्वच्छ सांगितलं. तर म्हणे जमिनीवरून चालत येण्यात काय मजा. असा माणूस. त्याच्या या हट्टावर मी इतकी जिंकायला लागले, की या खेळात आपला हात धरणारं कोणी नाही असं मला वाटायला लागलं.

गेल्या वर्षी दादा गेला. कामावरून घरी येताना, उरणच्या रस्त्यावर, ट्रेलरखाली. यार्डातून फोन आला तो मीच घेतला. पुढचं सगळंही मीच निस्तरलं, कारण आई भिंतीला टेकून बसली ती उठेचना. लोक मला खंबीर म्हणाले. मी खंबीर वगैरे नव्हते. मला ते खरंच वाटत नव्हतं, एवढंच. टीव्हीखाली दोन कंट्रोलर होते, त्यातला एकही मी हलवला नाही.

रविवारी घरात बसवेना. उलव्याला एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर गेम खेळायची जागा आहे असं कळलं, म्हणून एकदा रिक्षाने गेले. वरचे मजले अजून बांधताहेत, दारातच सिमेंटची धूळ. काउंटर सांभाळणारी मुलगी फार तर तेवीस-चोवीसची. ती स्वतः उत्तम खेळते हे मला माहीत नव्हतं. मी ऐटीत बसले आणि तिने मला अक्षरशः धुतलं. दुसऱ्या रविवारी तेच, तिसऱ्या रविवारीही तेच. तिथे येणारी बाकीची मंडळीही मला लीलया हरवायची. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इतकी वर्षं मी एकाच सोफ्यावर एकाच माणसाशी खेळले होते. मला गेम येत नव्हता. मला दादा येत होता.

त्या मुलीला माझी दया आली असावी. झालेली फाइट पुन्हा लावून बघता येते. तिने आमची एक फाइट लावली आणि मला शेजारी बसवलं. तिचा खेळाडू खाली पडतो तिथे तिने चित्र थांबवलं. पडद्यावर मी खाली बसले होते, मान वर करून, काहीही न करता. ती उठली, जमिनीवरूनच पुढे आली आणि तिने मला फटकावलं. पुन्हा पडली, पुन्हा मी तशीच बसलेली. तिने मला साधेपणाने विचारलं,

"ताई, इथे तुम्ही कोणाची वाट बघता?"

मी तिला तोडून टाकलं. तुझं काम कर, असंच काहीतरी म्हणाले आणि निघून आले. रिक्षात मात्र तेच चित्र डोळ्यांसमोर होतं. दादा कुठेच उरला नव्हता. त्याचे शर्ट आईने वाटून टाकले, बाइक भंगारात गेली. पण माझ्या हातांना अजून खबर नव्हती. ते त्याच्या उडीची वाट बघत होते. खेळ सुधारायचा तर हे वाट बघणं मोडायला हवं होतं, आणि मला ते मोडायचं नव्हतं.

बरेच दिवस मी तशीच हरत राहिले, जाणूनबुजून. पण हरणं सोसत नाही हा स्वभावही माझाच. एका रविवारी जाऊन मी त्या मुलीची माफी मागितली. मग मला शिकवायला तीच मुद्दाम पडायची आणि दरवेळी वेगळं काहीतरी करायची: कधी चालत यायची, कधी नुसती उभी राहायची. मी आधी बघायचं, मग हात हलवायचा. माझे हात ऐकायचे नाहीत. मग हळूहळू ऐकायला लागले.

परवाच्या रविवारी मी तिला हरवलं. तिला माझ्याहून जास्त आनंद झाला. तिने लगेच फाइट पुन्हा लावली आणि म्हणाली, बघा ताई, गेली तुमची सवय. मी टक लावून बघत होते. ती पडायची आणि मी सरळ पुढे जायचे. कुठेही थांबत नव्हते. शेवटपर्यंत बघितलं. तो कुठेच नव्हता.

घरी आले तर आई स्वयंपाकघरात होती. अलीकडे ती थोडं थोडं विचारते.

"जिंकलीस का आज?"

मी हो म्हटलं आणि तिथेच ओट्याला धरून रडायला लागले.

"आता काय झालं? जिंकलीस ना? मग रडतेस कशाला?"

"आई, दादा गेला," मी म्हणाले.

आईने गॅस बंद केला आणि माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तिला तर हे वर्षभर ठाऊक होतं.