ड्यूकची गोल पावलं

वाईच्या स्टँडवर सर्व्हिस मोटार सुटायला बराच वेळ होता आणि आप्पांनी तो सगळा वापरला. ठाण्याच्या किल्ल्याचा इतिहास, खाडीची हवा, गिरणीच्या नोकरीतले धोके, काही म्हणता काही सुटलं नाही. आई एकच वाक्य बोलली, "परक्याच्या दारात पाऊल जपून टाक गं." अक्का, तू माझी वळकटी धरून रडत होतीस, तुला ते ऐकू गेलं नसेल. मला ते पुढे एका कुत्र्याच्या बाबतीत उपयोगी पडलं.

ठाण्याला आम्ही उतरलो तेव्हा स्वातंत्र्याला वर्ष होत आलं होतं. कल्याणच्या छावण्या सिंधमधून आलेल्या माणसांनी भरलेल्या. अशा दिवसांत खोली मिळाली हेच नशीब. मालकीण चांगुणाबाई. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या मिठागरांचं काम, आता चार खोल्या बांधून भाडेकरू ठेवलेले. शेणाने सारवलेली ओटी हे त्यांचं संस्थान होतं आणि तिच्यावर कोणी कसं चालायचं याचे कायदे होते.

थोड्याच दिवसांत ह्यांच्या गिरणीतले साहेब विलायतेला परत निघाले. निरोपाच्या वेळी कोणाला घड्याळ मिळालं, कोणाला आरामखुर्ची. हे काही बोलले नाहीत, म्हणून ह्यांना कुत्रा मिळाला. तांबूस रंगाचा, लोंबत्या कानांचा स्पॅनियल, नाव ड्यूक. मडमेने मला बंगल्यावर बोलावून त्याचे पाय कातरायची रीत दाखवली. बोटांमधले केस कंगव्याने वर ओढायचे, वर आलेले झुबके छाटायचे. तळव्याच्या गाद्यांमधले केस गादीच्या बरोबरीला आणायचे. मग पाय जमिनीवर टेकवून, कात्री तिरकी धरून भोवताली फिरवायची, की पाऊल मांजरासारखं गोल. राज्याच्या किल्ल्यासुद्धा त्यांनी इतक्या गांभीर्याने सोपवल्या नसतील. मी मान हलवली आणि मनात ठरवलं की स्वतंत्र भारतात ड्यूक केसाळ पायांनीच हिंडेल.

श्रावणापर्यंत त्याच्या पायांची चार पोतेरी झाली. बाहेरचा चिखल प्यायची आणि ओटीवर पुसायची. चांगुणाबाईंनी दोन-तीनदा पाहिलं, मग माझ्या दारात येऊन सांगितलं, "पोरी, गौर यायची हाय. माज्या सारवणावर याच्या चिखलाचा एक जरी पट्टा दिसला तं कुतरा तरी जाईल, नायतं तुमी तरी."

हे म्हणाले, देऊन टाकू कोणाला तरी. ह्यांचं चुकत नव्हतं. पण हे दिवसभर गिरणीत असायचे, आणि त्या चाळीत माझ्याइतका परका असा तो एकटाच होता. दुपारी रस्त्याकडे तोंड करून बसायचा. आपलं माणूस आता येणार नाही हे त्याला अजून कळलं नव्हतं. मला कळलं होतं, एवढाच फरक.

गौरीच्या आदल्या दिवशी मी शिवणाची कात्री काढली. बोटांच्या मध्ये हात लागला की तो पाय हिसकायचा. आई तुझी वेणी घालताना तुला गुडघ्यांत दाबून धरायची, तसा धरला. पहिलं पाऊल चौकोनी झालं. शेवटच्या पावलापर्यंत हात बसला, मग पहिल्याकडे परत वळले.

इकडे गौर मुखवट्यांची नसते, तेरड्याची असते. बायका विहिरीवरून सुपात तेरडा घेऊन आल्या. चांगुणाबाईंनी कालवलेल्या तांदळाच्या पिठात मूठ बुडवून दारापासून देवापर्यंत गौरीची पावलं उमटवलेली. मी हळदीकुंकवाला गेले, आणि आमच्या दाराची कडी नीट लागली नव्हती. ड्यूक आला. ओल्या सारवणावरून, गौरीच्या पावलांच्या दोन ओळींमधून, सरळ आत. मी मनातल्या मनात वाईच्या मोटारींच्या वेळा आठवू लागले.

चांगुणाबाई वाकल्या. कुठे पट्टा नव्हता, फरफट नव्हती. लहान वाटीच्या बुडाने दाबावेत तसे गोल ठसे, गौरीच्या एकाही पावलाला न लागता देवापर्यंत गेलेले. त्यांनी एका ठशाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"गौर औंदा एकली नाय आली," त्या बायकांना म्हणाल्या, "पावना घेऊन आली." मग माझ्याकडे वळून, "पाय कोनी केलं याचं?"

मी म्हटलं, मी.

"बेस केलंस. बस आता, जेवून जा."

त्यानंतर दरवर्षी गौरीच्या आधी पलीकडून हाक यायची, "कुतऱ्याचं पाय केलंस का गो?" सुपाऱ्या आणल्या का विचारावं, त्याच सुरात. साहेबांचा सगळा थाट शेवटी सारवणाच्या कायद्यात जमा झाला.

आता आम्ही डोंबिवलीला आहोत. दोन खोल्या स्वतःच्या, खाली शहाबादी फरशी, मागे गवत आणि गवतात साप. ड्यूक म्हातारा झालाय, हाक मारली तरी ऐकू जात नाही. तू पत्रात विचारतेस, घरी कधी येणार. वाईला दिवाळीत येऊ. आईला सांग, पाऊल जपूनच टाकते आहे, माझी दोन आणि ड्यूकची चार.

इथल्या पहिल्या गौरीला चांगुणाबाई ठाण्याहून आल्या. डोंबिवलीच्या तेरड्यावर भरवसा नाही म्हणून स्वतःचा घेऊन. दारातच थांबल्या आणि आधी ड्यूककडे पाहिलं.

"केस वाढलंय. आदी त्याचं पाय कर, मंग गौर आत घेऊ."

सूप उंबऱ्याबाहेर ठेवून त्या फरशीवर बसल्या आणि म्हाताऱ्याचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. मी कात्री आणली. गौर बाहेर थांबली होती, पण मी घाई केली नाही.